राजधानीतील वाडे आणि आपली घरे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात बाभुळगाव येथे दिलेले व्याख्यान)



प्रवास या विषयावर चार शब्द बोलावे, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. आपल्या ज्ञातीतील कुटुंबे आता पुष्कळ प्रवास करू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. काशी-रामेश्वर तर होतेच. पण आता केरळ, काश्मीर आणि परदेशही पाहून आलेली मंडळी या सभेत बसली आहेत. तेव्हा दूरच्या स्थळांचे वर्णन मी करणार नाही. ज्या शहरी आपण वर्षातून चार वेळा जातो आणि जे आपण बहुधा पाहिलेलेच नसते, त्या नागपूरविषयी बोलण्याचा माझा विचार आहे. इस्पितळ, न्यायालय, मुलांचे कॉलेज आणि लग्नाचा बस्ता एवढ्यापुरते आपण नागपूर ओळखतो. सकाळी धामणगावला गाडीत बसावे, काम उरकावे आणि रात्री परत यावे, हा आपला शिरस्ता. त्या शहराच्या जुन्या वस्त्यांतून आणि वाड्यांतून दोन दिवस निवांत हिंडावे, असे आपल्या मनातही येत नाही.

वास्तविक या शहराशी आपले नाते फार जुने आहे. धामणगावहून निघालेली गाडी पुलगावच्या अलीकडे वर्धा नदी ओलांडते. आज तो केवळ एक पूल आहे. परंतु एके काळी ती राज्याची सीमा होती. अठराव्या शतकात वऱ्हाडात दोअमली चालत असे. एकाच गावचा वसूल निजामाचे आणि भोसल्यांचे असे दोन अंमलदार वाटून घेत. पुढे १८०३ साली आडगावची लढाई झाली, गाविलगड पडला आणि डिसेंबरात देवगावचा तह होऊन वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला व निजामाकडे आला. म्हणजे आपल्या गावांची नागपूरशी असलेली राजकीय गाठ त्या दिवशी सुटली. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पण तो मध्यप्रांताला जोडला गेला १९०३ मध्ये. बरोबर शंभर वर्षांनी नागपूर पुन्हा आपली राजधानी झाली. नदीच्या या तीरावरील माणसांना ती गोष्ट ठाऊक असावयास हवी.

या शहराने राजधानीपण अनेकदा अनुभवले. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२ च्या सुमारास राजापूर बारसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा खेड्यांच्या समूहातून हे नगर वसविले. त्याचा पुत्र चांद सुलतान याने राजधानी येथे आणली, गावाला कोट घातला आणि जुम्मा तलाव बांधविला. आजचा गांधीसागर तो हाच. त्यानंतर पहिले रघूजी भोसले आले. त्यांच्या फौजा पुढे बंगाल-ओरिसापर्यंत गेल्या. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला, त्याचे हे मुख्य ठिकाण. स्वातंत्र्यानंतर मध्यप्रदेश राज्याची राजधानी हीच होती, ती ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत. त्या दिवसानंतर राजधानीपण गेले. १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून १९६० पासून विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरू लागले, आणि उपराजधानी हे नाव राहिले. गोंड, मराठे, इंग्रज आणि स्वतंत्र भारत अशा चार काळांची घरे एकाच दिवसाच्या पायपिटीत पाहावयास मिळतील, अशी गावे आपल्या प्रांती फार नाहीत.

आरंभ महालापासून करावा. चांद सुलतानाच्या कोटाची एक खूण म्हणजे जुम्मा दरवाजा; त्यालाच आज गांधी गेट म्हणतात. त्याच्या आत शिरले की जुने शहर लागते. याच भागात गोंड राजाचा किल्ला आहे. भोसल्यांनी सत्ता घेतली, तरी गोंड घराण्याचे नामधारी राजेपद त्यांनी मोडले नाही, आणि त्या घराण्याचे वंशज तेथे राहत आले आहेत. सत्ता गेल्यावरही घर टिकू शकते, याचे हे पहिले उदाहरण.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. भोसल्यांचा मुख्य राजवाडा काळ्या पाषाणाचा होता आणि त्यातील लाकडावरील कोरीव काम प्रख्यात होते. १८६४ साली तो जळाला. भव्य प्रवेशद्वार तेवढे उरले, अशी जुन्या गॅझेटियरात नोंद आहे. परंतु आग लागण्याच्या दहा वर्षे आधीच तो वाडा रिता झाला होता. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तकाचा हक्क न मानता १८५४ मध्ये राज्य खालसा केले. दरबारचे हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीस लिलावात विकले गेले, जडजवाहीर कलकत्त्याला रवाना झाले. वृद्ध बांकाबाईंनी या सर्वाला विरोध केला, तो व्यर्थ गेला. ज्यात माणसे, जनावरे, कारखाने आणि रोजचा राबता उरला नाही, तो वाडा जळाला तेव्हा पुन्हा उभारण्याचे कारणच कोणाला राहिले नव्हते. पहिल्या रघूजींच्या नावाची एक तलवार लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती २०२५ साली विकत घेऊन परत आणली, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचलेच असेल. तलवार परत आणता आली. तो जळालेला दिवाणखाना कोणत्याही लिलावात मिळणार नाही.

तथापि भोसले घराण्याचा वाडा महालात आजही नांदता आहे. भाद्रपदातील पितृपक्षात, जेव्हा इतरत्र गणपतीचे विसर्जन होऊन गेलेले असते, तेव्हा या वाड्यात हडपक्या गणपती बसतो. त्यालाच मस्कऱ्या गणपतीही म्हणतात. त्या दिवसांत सर्वसामान्य माणसालाही वाड्यात पाऊल टाकता येते. वर्षातून एकदा का होईना, दार उघडावे लागते, अंगण सारवावे लागते, समया घासाव्या लागतात. व्रत आणि कुळाचार यांचा घराच्या आयुष्याशी असा प्रत्यक्ष संबंध असतो. भोसल्यांच्या समाध्या शुक्रवारी भागात आहेत. त्याही याच फेरीत पाहाव्या.

महालातील दुसरी जाण्याजोगी वस्ती चिटणीसपुऱ्याची. दरबारचा पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या चिटणीस घराण्याचा वाडा तेथे आहे. अशा वाड्यात गेल्यावर काय पाहावे, हे मुलांना समजावून सांगण्याची गरज असते. दिंडी दरवाजा, त्यामागे ओटा, मग चौक, चौकाभोवती सागवानी खांबांवर उभी छपरी, त्यामागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि परसदार, अशी ही मांडणी असते. दिंडी एवढी ठेंगणी का, याचे उत्तर सोपे आहे: आत येणारा वाकूनच येतो, आणि वाकलेल्या माणसाला शस्त्र उपसता येत नाही. चौक उघडा का, तर विदर्भाच्या वैशाखात खोल्यांतील तापलेली हवा वर निघून जावी आणि रात्री गारवा आत उतरावा. जाड भिंतीतील बळदात धान्य, तिच्याच कोनाड्यात दिवा. या शहाणपणाला एखादा नामांकित वास्तुविशारद लागला नाही. ते गवंड्यांच्या आणि सुतारांच्या हातांत पिढ्यानुपिढ्या मुरलेले होते.

महालाकडून पलीकडे गेले की शहराचे दुसरे अंग दिसते. नागपूरच्या वस्त्यांची नावे पाहा: इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. ज्या दिवशी जेथे बाजार भरे, तो वार त्या वस्तीचे नाव झाला. राजवाडा महालात असला, तरी शहराचे पोट इतवारीत भरत होते. सराफी, किराणा, कापड आणि धान्य यांच्या पेढ्या, वर माडी आणि खाली दुकान अशी घरे, अरुंद गल्ल्या आणि त्यांतून वाट काढणारे हमाल, हे सर्व आजही तेथे दिसते. कोष्टी-हलबा विणकरांच्या वस्त्यांत रेशीमकाठी धोतरे आणि लुगडी विणली जात. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हा या हातमागांपुढे मोठा प्रतिस्पर्धी उभा राहिला. ती मिलही २००२ मध्ये बंद पडली. आपल्या तालुक्यातील कापसाच्या गाड्या ज्या धंद्यासाठी भरल्या, त्या धंद्याची ही जन्म-मरणाची कथा आहे. पुढे महालाजवळच चितार ओळीत जावे. गणेशचतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस तेथे घरेच कार्यशाळा होतात. ओट्यावर, जिन्यावर, रस्त्याच्या कडेला मूर्तीच मूर्ती. आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात असाल, तर इतवारीतून निघणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक चुकवू नये. वस्तीचे जिवंतपण पुस्तकात वाचून कळत नाही.

तेथून सीताबर्डीला यावे. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी या दोन टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे तो राष्ट्रीय सणांच्या मोजक्या दिवशीच पाहता येतो, हे ध्यानात ठेवून बेत आखावा. टेकडीच्या पायथ्याशी जी वस्ती वाढली, तिच्यात सावकारांचे आणि व्यापाऱ्यांचे वाडे उभे राहिले. नागपूरचे बुटी घराणे आपणांस नावाने परिचित असेल. याच घराण्यातील गोपाळराव बुटी यांनी शिर्डीस वाडा बांधला; १९१८ साली साईबाबांचा देह त्यातच ठेवला गेला, आणि आज लक्षावधी लोक ज्याला समाधिमंदिर म्हणतात ते मुळात एका नागपूरकराचे घर आहे. याच सीताबर्डीवर श्याम हॉटेलात ऑक्टोबर १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर उतरले होते. १४ ऑक्टोबरच्या सकाळी ते तेथून निघाले आणि दीक्षाभूमीवर त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. दीक्षाभूमीचे दर्शन घेणाऱ्याने हाही पत्ता लक्षात ठेवावा.

सीताबर्डीच्या पलीकडे सिव्हिल लाइन्स. रुंद रस्ते, मोठाली आवारे, मधोमध बंगला, मागे नोकरांच्या खोल्या. वाड्याचे दार रस्त्यावर असते, बंगल्याचे दार रस्त्यापासून शक्य तितके दूर असते. राज्यकर्ता आणि रयत यांच्यातील अंतर याहून स्पष्ट कोणत्या ग्रंथात सापडेल? १९२३ साली या वस्तीत तिरंगी झेंडा घेऊन जाण्यास सरकारने बंदी केली, आणि त्याविरुद्ध झेंडा सत्याग्रह उभा राहिला. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, वल्लभभाई पटेल सूत्रे हाती घेण्यास आले, देशभरातून स्वयंसेवक येऊन कैद होत राहिले. अखेर ऑगस्टमध्ये झेंडा घेतलेली मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली. त्या रस्त्यांवरून जाताना मुलांना हे अवश्य सांगावे. हेन्री मेड यांनी योजलेली आणि १९४० साली उद्घाटन झालेली उच्च न्यायालयाची इमारतही तेथेच आहे. खटल्याच्या निमित्ताने ती ज्यांनी पाहिली, त्यांनी एकदा निमित्ताशिवायही पाहावी.

आता परतीचा मार्ग. नागपूरहून येताना वर्ध्याला उतरून सेवाग्रामला जावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. गांधीजी १९३६ साली त्या वेळच्या शेगावात राहावयास आले. आदिनिवास आणि बापूकुटी ही दोन्ही घरे माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांची आहेत. बापूकुटी मुळात मीराबेननी स्वतःसाठी उभारली होती. जुलै १९४२ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीने इंग्रजांना देश सोडून जाण्यास सांगणारा ठराव वर्ध्यास केला, त्या दिवसांत हिंदुस्थानचे राजकारण या मातीच्या भिंतींभोवती फिरत होते. बंधूंनो, येथे थोडे थांबून विचार करावा. काळ्या पाषाणाचा राजवाडा गेला आणि मातीची झोपडी राहिली. मातीला आपल्या गुणाने टिकणे ठाऊक नाही. दर पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरावे लागतात, भिंती लिंपाव्या लागतात, वाळवी पाहावी लागते. ते काम कोणीतरी नेमाने करीत आले, म्हणून ती कुटी उभी आहे. मला आज जे सांगावयाचे आहे, ते एवढेच: घर ज्या वस्तूचे बांधलेले असते तिच्यापेक्षा त्यावर रोज फिरणाऱ्या हातांमुळे अधिक टिकते.

वर्ध्याचाच आणखी एक उंबरठा आपल्यासारख्या ज्ञातिसभेने आवर्जून पाहावा. जमनालाल बजाज यांनी १९२८ साली आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बंधूंसाठी खुले केले. जुन्या वाड्यांविषयी बोलताना आपण त्यांच्या वैभवाचे गोडवे गातो. परंतु त्याच वाड्यांच्या ओट्यापाशी किती माणसांना थांबावे लागत होते, कोणाला पाणी वरून ओतून दिले जात होते, आणि माजघरातील सुनेला चौकापलीकडचे जग किती दिसत होते, हेही मुलांना खरेखरे सांगितले पाहिजे. आपल्या घराचा अभिमान बाळगावा. त्यातील अन्यायाचा बाळगू नये. ज्या सुताराने खांब घडविला आणि ज्या मजुराने माती तुडविली, त्यांची नावे आपल्या कुळवृत्तांतात नाहीत, ही उणीव आपणच भरून काढावयाची आहे.

अशा सहलीस निघताना काही पथ्ये पाळावी. वाडे ही संग्रहालये नव्हेत, तेथे माणसे राहतात. आधी कळवून, परवानगी घेऊन जावे. देवघरात विचारल्यावाचून शिरू नये. छायाचित्रही विचारूनच घ्यावे. शक्यतो सकाळी जावे. कुटुंबातील एक वृद्ध आणि एक शाळकरी मूल यांना बरोबर घ्यावे, म्हणजे एकाच्या आठवणी दुसऱ्याच्या कानी पडतील. आणि प्रत्येक ठिकाणी चार प्रश्न विचारावे: हे घर कोणी बांधले, त्यात कोण कोण राहिले, त्याचे कोणते भाग पडले वा विकले गेले, आणि आज त्याची दुरुस्ती कोण करतो? या चार उत्तरांत घराचा सारा इतिहास येतो.

पण हे प्रश्न दुसऱ्याच्या वाड्यात विचारून आपण घरी परतलो आणि आपल्या घरी ते विचारलेच नाहीत, तर त्या प्रवासाचे फळ काय? आपल्या तालुक्यातील स्थिती आपण सर्व जाणता. भावाभावांत वाटणी झाली, चौकाच्या मधोमध भिंत उभी राहिली, मग एका हिश्शाने आपले सागवान उतरवून विकले आणि उरलेल्या अर्ध्याला आधार राहिला नाही. नोकरीमुळे पुण्याला किंवा नागपूरला गेलेल्यांचे घर कुलपात राहिले, एका पावसाळ्यात कवेलू फेरले गेले नाहीत, दुसऱ्यात पाणी बळदात शिरले, तिसऱ्यात भिंत बसली. यात कोणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. शेतीची अवस्था, मुलांचे शिक्षण, आजारपण या गरजा खऱ्या आहेत, आणि जुने घर सांभाळण्यास पैसा लागतो. सर्व वाडे राखा, असे सांगणे सोपे आहे, ते पार पाडणे शक्य नाही. बेंबळा नदीवरील धरणाने आपल्याच भागातील काही गावठाणे पाण्याखाली गेली. शेताला पाणी मिळावे, हे योग्यच. लोकांचे पुनर्वसनही झाले. मोबदल्याच्या कागदांत त्या घरांचे क्षेत्रफळ आणि किंमत लिहिली गेली. परंतु कोणत्या छपरीत गावची पंचायत बसे, कोणत्या ओट्यावर पोथी लागे, कोणत्या माजघरात किती बाळंतपणे झाली, हे त्या कागदांवर नाही. ज्यांना ते सांगता येते, ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. प्रत्येक सभासद कुटुंबाने आपल्या मूळ घराविषयी एक पान लिहावे. घराची लांबी-रुंदी मोजावी, खोल्यांचा साधा नकाशा काढावा, लाकूड कोणते, भिंती कशाच्या, बांधणारे सुतार-गवंडी कोण, हे विचारून घ्यावे. जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे आणि ग्रामपंचायतीचा घराचा उतारा यांची एक प्रत जोडावी. घर पडले असले, तरी ज्याला ते आठवते त्याच्याकडून नकाशा काढून घ्यावा. हे काम वरच्या वर्गातील मुलामुलींकडे सोपवावे आणि आजीला प्रमुख साक्षीदार करावे. कारण माजघराचा इतिहास पुरुषांना बहुधा ठाऊक नसतो. अशी पाने जमली, तर पुढील स्मरणिकेत त्यांना जागा द्यावी. ज्यांची घरे अजून उभी आहेत, त्यांना याहून मोठे काही करावयाचे नाही: वर्षातून एक कुळाचार मूळ घरी करावा आणि पावसाळ्यापूर्वी एकदा छपरावर माणूस चढवावा. ज्या हिश्शेदारांना खर्च एकट्याने पेलत नाही, त्यांनी तो वाटून घ्यावा. वाटणीत भिंत घालता येते, तशी दुरुस्तीची वर्गणीही घालता येते.

या हिवाळ्यात मंडळाने कुटुंबांसह नागपूर-सेवाग्रामची दोन दिवसांची सहल काढावी, अशीही माझी विनंती आहे. पहिला दिवस महाल, इतवारी आणि सीताबर्डीचा. दुसरा सिव्हिल लाइन्स, दीक्षाभूमी आणि परतताना सेवाग्रामचा. तत्पूर्वी एका रविवारी बाभुळगावातील आणि आसपासच्या गावांतील जुन्या घरांची फेरी मुलांना घडवावी, म्हणजे राजधानीत त्यांनी काय पाहावयाचे याची ओळख त्यांना येथेच होईल. चिटणिसांनी तारीख ठरवून सभासदांस कळवावी, आणि नावे देण्यात कोणी मागे राहू नये.